उगवतीकडे कीं लोकांकडे? : कॅथलिक उपासनेंतील दिशेच्या वादाचें परीक्षण

कॅथलिक धर्मगुरूनें मिस्सा अर्पण करितांना लोकांकडे तोंड करावें, कीं लोकांसहित वेदीकडे तोंड करून उभें राहावें, हा वाद वरवर पाहणारास केवळ पाद्र्यांच्या घरचा वाटेल, आणि इतिहाससंशोधकांच्या त्रैमासिकांत त्यास जागा कां द्यावी असें कित्येक वाचक विचारतील. परंतु या वादांत उभय पक्ष जीं प्रमाणें पुढें करितात तीं सर्व आपल्याच व्यवसायांतलीं आहेत : पडक्या मंदिरांचे पाये, हस्तलिखितांतील विधिसूचना, एखाद्या प्रवाशाचें एखादें वाक्य, आणि क्वचित् एका सर्वनामाचा अन्वय. शिवाय त्यांतील एक प्रमाण आमच्या दारचें आहे. सहाव्या शतकांत 'कल्लियाना' येथें इराणांतून नेमलेला बिशप असे, हें कॉस्मासचें वाक्य प्रसिद्ध आहे. त्या कल्याण बंदराचा माल ज्या वाटांनीं घाटावर चढे, त्यांतील नाणेघाटाची वाट आजच्या मुरबाड तालुक्यांतून व थळघाटाची वाट शहापूर तालुक्यांतून जाते. तेव्हां कल्याणच्या बिशपाचें नांव घेऊन कोणी या वादांत निकाल देऊं पाहील, तर त्याचा कागद तपासणें हें या भागाचा इतिहास पाहणारांचें कामच ठरतें.

या दोन तालुक्यांची आजची स्थितिही लक्षांत घेण्यासारखी आहे. लॅटिन विधीच्या दृष्टीनें ते लॅटिन अधिकाऱ्याच्या क्षेत्रांत मोडतात. त्याच वेळीं, पोप दुसरे जॉन पॉल यांनीं ३० एप्रिल १९८८ रोजीं स्थापिलेल्या व २०२५ सालीं महाधर्मप्रांताच्या पदवीस चढलेल्या कल्याणच्या सिरो-मलबार प्रांताच्या क्षेत्रांतही ते येतात. एकाच भूमीवर दोन विधींचे दोन अधिकारी, अशी ही व्यवस्था आहे. तिचा परिणाम असा कीं, एकाच रविवारीं एकाच तालुक्यांत लॅटिन धर्मगुरूनें सबंध मिस्सा लोकसन्मुख करावी, आणि सिरो-मलबार धर्मगुरूनें मुख्य प्रार्थनेच्या आरंभीं वेदीकडे वळावें, व दोघांचेंही वर्तन आपापल्या नियमास धरून असावें. वसई, साष्टी, ठाणें या भागांत प्रश्न निराळा आहे. तेथें पोर्तुगीज अमदानींतील भिंती उभ्या असल्यानें वेदीची जागा वारशानें आली. माहुलीच्या किल्ल्याखालच्या व नाणेघाटाच्या पायथ्याच्या मुलखावर पोर्तुगीजांची सत्ता बसली नाहीं. तो निजामशाही, मोगल व मराठे यांच्या हातीं राहिला. त्यामुळें येथें जें ख्रिस्तमंदिर उठेल तें नव्यानेंच उठेल, आणि त्याची वेदी कोणत्या भिंतीस लावावयाची हें बांधणाराला ठरवावें लागेल. अशा वेळीं इतिहासाची साक्ष काढण्याचा मोह पडतो.

या विषयावर गेल्या साठ वर्षांत जें लिहिलें गेलें, त्यांत अभ्यासकानें प्रथम वाचावें असें पुस्तक म्हणजे लंडनच्या ऑरेटरी संघांतील धर्मगुरू उवे मिखाएल लांग यांचें. तें २००३ सालीं जर्मन भाषेंत व २००४ सालीं 'टर्निंग टुवर्ड्स द लॉर्ड' या नांवानें इंग्रजींत निघालें. पुढें २००५ सालीं सोळावे बेनेडिक्ट या नांवानें पोप झालेले जोसेफ राट्झिंगर यांची त्यास प्रस्तावना आहे. पुस्तक लहान आहे, टीपा भरपूर आहेत, आणि लेखकानें आपला पक्ष लपविलेला नाहीं. धर्मगुरु व लोक यांनीं एकाच दिशेस पाहून प्रार्थना करणें हाच ख्रिस्ती उपासनेचा मूळ संकेत असून, वेदीवर समोरासमोर उभें राहण्याची आजची रीत अर्वाचीन आहे, असा त्यांचा सिद्धांत आहे. पुस्तक आतां वीस वर्षांचें झालें असलें तरी २०२१ नंतर, म्हणजे सिरो-मलबार पंथांत हाच प्रश्न पेटल्यापासून, त्याचें वाचन नव्यानें करणें अवश्य झालें आहे.

लांग यांची मोठी कामगिरी शब्दांच्या शुद्धीची आहे. वादांत तीन निरनिराळ्या गोष्टी एका शब्दाखालीं दडपल्या जातात. धर्मगुरूचें तोंड पूर्वेकडे असणें ही एक गोष्ट. वेदीकडे असणें ही दुसरी. आणि लोकांकडे असणें वा नसणें ही तिसरी. आपल्या खेड्यांतील मनुष्य 'पूर्व' म्हणत नाहीं, 'उगवत' म्हणतो. जुन्या ख्रिस्ती लोकांच्या मनांत होती ती हीच उगवत. तेर्तुलियन यानें आपल्या समर्थनपर ग्रंथांत सांगितलें आहे कीं, ख्रिस्ती लोक पूर्वेकडे पाहून प्रार्थना करितात यावरून ते सूर्यपूजक असल्याचा संशय लोकांस येई. चौथ्या शतकांत बासिल हा आचार्य पूर्वाभिमुख प्रार्थनेची गणना लेखांत न सांपडणाऱ्या, परंपरेनें आलेल्या आचारांत करितो. येथपर्यंत मतभेदास जागा नाहीं. परंतु रोममध्यें संत पेत्राच्या मंदिराचें दार पूर्वेस व गर्भागार पश्चिमेस आहे. तेथें वेदीवर उभा राहणारा पोप पूर्वेकडे तोंड करी, आणि लोक दाराच्या बाजूस असल्यामुळें त्याचें तोंड सहजच लोकांकडे होई. म्हणजे एकच मनुष्य एकाच क्षणीं पूर्वाभिमुखही होता आणि लोकसन्मुखही. पाचव्या शतकांतील पोप पहिला लिओ यानें एका प्रवचनांत तक्रार केली आहे कीं, कित्येक भाविक याच मंदिराच्या पायऱ्या चढल्यावर मागें वळून उगवत्या सूर्यास नमस्कार करितात. संवय किती खोल होती तें यावरून दिसतें.

याहून महत्त्वाचें, आणि हस्तलिखितांच्या व जुन्या छापील ग्रंथांच्या संग्राहकांस विशेष रुचेल असें प्रमाण १५७० सालच्या मिस्साग्रंथांतलें आहे. पोप पाचवे पायस यांनीं जो ग्रंथ सर्वत्र चालू केला, आणि ज्याचा आश्रय पुराणमताभिमानी आजही करितात, त्याच्याच विधिसूचनांत पूर्वेस व लोकांकडे अशा दोन्ही बाजूंनीं साधलेल्या वेदीची तरतूद आहे. अशा ठिकाणीं लोकांस आशीर्वचन देतांना धर्मगुरूनें वळूं नये, कारण त्याचें तोंड आधींच लोकांकडे असतें, असें तेथें सांगितलें आहे. तेव्हां लोकसन्मुख वेदी ही १९६० नंतरच्या सुधारकांनीं शोधून काढिली हें म्हणणें जसें खोटें, तसेंच ती आदिकाळापासून सार्वत्रिक होती हें म्हणणेंही निराधार. जुना नियम दिशेविषयीं होता. पाठ दिसावी कीं मुख दिसावें याविषयीं नव्हता.

'पाठ' या शब्दानें आमच्याकडे तरी गोंधळ होण्याचें कारण नव्हतें. शहापूर किंवा मुरबाडच्या कोणत्याही देवळांत जा. गाभाऱ्यांत पुजारी देवाकडे तोंड करून बसलेला असतो, मंडपांतील मंडळीस त्याची पाठच दिसते, आणि तेवढ्यावरून आपला अवमान झाला असें कोणी मानीत नाहीं. मशिदींत इमाम व जमात एकाच बाजूस तोंड करितात. ठाणें जिल्ह्यांतून ती दिशा पश्चिमेच्या किंचित् उत्तरेस येते. भेद आहे तो निराळाच. देवळांत मूर्ति हीच दिशा : मूर्ति बहुधा पूर्वाभिमुख असते, म्हणून तिचा पूजक पश्चिमेकडे पाहतो, आणि पूर्व-पश्चिमेचा विचारही त्याच्या मनांत येत नाहीं. मशिदींत एक स्थल हीच दिशा. जुन्या ख्रिस्ती प्रार्थनेंत मात्र पूर्वेस मूर्ति नाहीं कीं नगर नाहीं; जो यावयाचा आहे तो तिकडून येईल या अपेक्षेनें रिकाम्या क्षितिजाकडे पाहणें एवढेंच आहे. लांग यांच्या विवेचनांत किब्ल्याची तुलना येते, मंदिराची येत नाहीं. ती आली असती तर त्यांचा मुद्दा अधिक स्पष्ट झाला असता, असें आम्हांस वाटतें.

आतां दोष. आरंभींच्या शतकांतील ख्रिस्ती लोक पूर्वेकडे पाहून प्रार्थना करीत, या सिद्ध गोष्टीवरून वेदीपाशीं धर्मगुरु कोणत्या बाजूस उभा राही या गोष्टीकडे लांग ज्या सहजतेनें जातात, ती सहजता आम्हांस मान्य नाहीं. मधली पायरी अनुमानाची आहे. ओटो नुसबाउम या जर्मन पंडितानें १९६५ सालीं इ. स. १००० पूर्वींच्या वेद्यांची विस्तृत पाहणी प्रसिद्ध केली. तींत वेदी भिंतीपासून सुटी आहे एवढ्यावरून धर्मगुरु मागल्या बाजूनें उभा राहात असावा असें अनेक ठिकाणीं धरलें गेलें. लांग यांनीं त्यावर योग्य आक्षेप घेतला आहे : सुट्या वेदीभोंवतीं प्रदक्षिणा घालितां येते, धूप दाखवितां येतो, तिच्या मागें उभेंच राहिलें पाहिजे असें नाहीं. परंतु जो काटा नुसबाउमच्या तागडींत घातला तोच आपल्याही तागडींत घालावयास हवा होता. संत पेत्राच्या मंदिरांत मुख्य प्रार्थनेच्या वेळीं लोकही वेदीकडे पाठ करून दाराकडे, म्हणजे पूर्वेकडे, वळत असत असें कांहीं पंडितांनीं सुचविलें आहे. तें सुंदर आहे. पण तें अनुमान आहे, साक्ष नव्हे.

कल्याणच्या वाक्यासही हाच काटा लावला पाहिजे. कॉस्मासचा ग्रंथ मुख्यतः तीन हस्तलिखितांवर उभा आहे. एक नवव्या शतकांतलें, व्हॅटिकन येथें. दोन अकराव्या शतकांतलीं, त्यांतलें एक सिनाई पर्वतावरील मठांत व दुसरें फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयांत. ग्रंथाचा हेतु पृथ्वी गोल नाहीं हें सिद्ध करण्याचा. जग हें मोशेच्या निवासमंडपाच्या आकाराची एक लांबट पेटी आहे असा ग्रंथकाराचा निश्चय होता. पण भूगोलांत चुकलेला मनुष्य बंदरांच्या यादींत चुकेलच असें नाहीं. मिरीं पिकणाऱ्या मलेदेशांतील पांच पेठा तो स्वतंत्र मोजतो; कल्लियानाचें नांव त्यांत नसून ओर्‍होथा व सिबोर यांच्या मध्यें येतें. सिबोर म्हणजे चौल धरल्यास, आणि तसें धरणें सर्वथा युक्त आहे, कल्लियाना म्हणजे आमचें कल्याणच. तें मलबारांतील एखादें बंदर असावें अशी कित्येकांची शंका या क्रमानेंच निरस्त होते. १८८२ सालच्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटिअरनेंही तें कल्याणच मानिलें आहे.

बिशप होता, तो इराणांतून नेमलेला होता, एवढें यावरून ठरलें. पुढें काय? कॉस्मासचा गुरु पात्रिकिओस, म्हणजेच पूर्व-सिरियन पंथाचा प्रसिद्ध अधिकारी मार आबा. तेव्हां त्या पंथाचा आचार कॉस्मासास पुरेपूर माहीत होता. तरीही कल्याणच्या बिशपाच्या उपासनेविषयीं तो एक अक्षर लिहीत नाहीं. त्याचें तोंड उगवतीकडे होतें असें म्हणावयाचें तर तें सर्व पंथाच्या सामान्य आचारावरून म्हणावें लागेल. कल्याणच्या नांवावर तें खपवितां येणार नाहीं. जो धर्मप्रांत कल्याणचें नांव धारण करितो त्यास हें वाक्य प्रिय असावें हें स्वाभाविक आहे. परंतु प्रिय वाक्यावर नेहमींपेक्षां अधिक भार घातला जातो, हा संशोधकाचा नित्याचा अनुभव आहे.

जिल्ह्यांतील दुसरें प्रमाण यापेक्षां बोलकें आहे, पण त्याचा उपयोग या वादांत कोणीं केलेला आम्हांस आढळला नाहीं. १३२१ सालीं ठाण्यास चार फ्रान्सिस्कन साधु मारले गेले. त्यांचे सोबती जोर्दानुस यांनीं ती हकीकत पत्रांनीं कळविली, व पुढें ओडोरिक या प्रवाशानें त्यांच्या अस्थि नेल्या. ओडोरिक सांगतो कीं, त्या वेळीं ठाण्यांत नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांचीं पंधरा घरें होतीं, आणि हे साधु त्यांच्याचकडे उतरले होते. म्हणजे लॅटिन विधीचे पुरोहित व पूर्व-सिरियन विधीचे गृहस्थ ठाण्यांत एका छपराखालीं राहिले. दोघांच्या भाषा निराळ्या, दोघांचे प्रार्थनाग्रंथ निराळे, आणि एकमेकांस पाखंडी म्हणण्याची दोघांचीही तयारी; परंतु वेदीपुढें कसें उभें राहावें यासंबंधीं दोन्ही विधींचा संकेत त्या काळीं एकच होता. आज ज्या गोष्टीवरून एकाच विधीचे लोक भांडतात, ती गोष्ट १३२१ सालीं परस्परांस पाखंडी म्हणणाऱ्यांतही भांडणाचा विषय नव्हती.

पूर्व-सिरियन विधीचा विचार करितांना आद्दई व मारी यांच्या नांवानें चालणारी प्रार्थना प्रथम पाहावी लागते. तिचें जुन्यांत जुनें हस्तलिखित मोसूल येथील मार एशाया मंदिरांतलें, दहाव्या किंवा अकराव्या शतकांतलें आहे. तें विल्यम मॅकोम्बर यांनीं १९६६ सालीं संपादून प्रसिद्ध केलें. त्यांत प्रार्थना आहे. उभें कसें राहावें याचा तपशील कळण्यास भाष्यांकडे व इमारतींकडे वळावें लागतें. अर्बेलच्या जॉर्जच्या नांवावर चालणाऱ्या जुन्या भाष्यांत मंदिराच्या मध्यभागीं असलेला बेमा नांवाचा चौथरा म्हणजे पृथ्वीवरील यरुशलेम, व पूर्वेकडील गर्भागार म्हणजे स्वर्ग, असें रूपक आहे. शास्त्रवाचन लोकांच्या मध्यें, चौथऱ्यावर. अर्पण पुढें जाऊन, पूर्वेच्या वेदीपाशीं. उत्तर सिरियांतील कल्ब लोझे इत्यादि पडक्या मंदिरांतही असे चौथरे सांपडले आहेत.

ही रचना डोळ्यांपुढें ठेवून सिरो-मलबार धर्मसभेचा निर्णय वाचावा. १९९९ सालीं ठरलेली व ऑगस्ट १९२१ नव्हे तर तब्बल बावीस वर्षांनीं, ऑगस्ट २०२१ मध्यें, पुनः बजावलेली पद्धति अशी : वचनविधि लोकांकडे तोंड करून, मुख्य प्रार्थनेपासून प्रसादग्रहणापर्यंतचा भाग वेदीकडे तोंड करून, व शेवट पुनः लोकांकडे. २८ नोव्हेंबर २०२१ पासून ती अमलांत आणावयाची होती. एर्नाकुलम-अंगमाली येथें बहुसंख्य धर्मगुरूंनीं ती नाकारली. डिसेंबर २०२२ मधील दंग्यानंतर तेथील मुख्य बॅसिलिका बंद पडली. आणि जुलै २०२४ मध्यें रविवारीं निदान एक कुर्बान या पद्धतीनें करावा असा तोडगा निघाला. विरोधक या पद्धतीस अर्धी-अर्धी वांटणी म्हणून हिणवितात. बेम्याची रचना ज्यास माहीत आहे तो तिला केवळ वांटणी म्हणणार नाहीं. मात्र समर्थकांनींही ती केरळांत अखंड चालत आली असें म्हणूं नये; अखंड चालत आलें तें सबंध विधींत वेदीकडे तोंड करणें, आणि सबंध विधींत लोकांकडे तोंड करण्याची रीत लॅटिन शेजाऱ्यांचें पाहून १९६० नंतर शिरली. लांग यांनीं स्वतः लॅटिन विधीसाठीं जी शिफारस केली आहे, वचन लोकांकडे व अर्पण वेदीकडे, ती या निर्णयाशीं जवळजवळ जुळते. दोन निराळ्या विधींचे लोक दोन निराळ्या वाटांनीं एकाच ठिकाणीं आले, ही गोष्ट विचारार्ह आहे.

येथें एका शिलालेखाची आठवण करून देणें अवश्य आहे. १५९९ सालीं उदयंपेरूरच्या धर्मसभेंत गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनीं मलबारच्या ख्रिस्ती लोकांचे सिरियाक ग्रंथ दुरुस्त करण्याचें अगर जाळण्याचें फर्मान काढलें. हस्तलिखितें जमविणारास या घटनेचें दुःख निराळें सांगावयास नको. त्याच मेनेझिसांचें नांव आमच्या वसईच्या किल्ल्यांतील संत योसेफाच्या मुख्य मंदिराच्या दगडावर १६०१ या सालासह कोरलेलें आहे; त्यांच्या कारकीर्दींत त्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला. जेर्सन द कुन्य यांनीं १८७६ सालीं चौल व वसई यांवर जें पुस्तक लिहिलें त्यांत हा लेख दिला आहे. मेनेझिसांनीं ग्रंथ बदलले, प्रार्थना बदलल्या, अधिकारी बदलले. परंतु धर्मगुरूचें तोंड बदललें नाहीं, कारण त्यांच्या लॅटिन विधींतही तें वेदीकडेच होतें. सिरो-मलबार पंथांतील लॅटिनीकरणाचा सर्व दोष मेनेझिसांच्या माथीं मारणारांनीं हें ध्यानांत घ्यावें. लोकसन्मुख मिस्सा हें लॅटिनीकरण असेल, पण तें विसाव्या शतकांतलें आहे.

मग विसाव्या शतकांत घडलें काय? ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेवरील जो लेख मंजूर केला, त्यांत लोकांकडे तोंड करण्याचा उल्लेखच नाहीं. २६ सप्टेंबर १९६४ च्या कार्यवाहीच्या आदेशांत प्रथम असें आलें कीं, मुख्य वेदी भिंतीपासून सुटी बांधणें बरें, म्हणजे तिच्या भोंवतीं फिरतां येईल व लोकांकडे तोंड करून विधि करितां येईल. करितां येईल, करावा असें नाहीं. पुढें ७ मार्च १९६५ रोजीं पोप सहावे पॉल यांनीं रोमच्या एका मंदिरांत इटालियन भाषेंत, लोकांकडे तोंड करून मिस्सा केली, आणि जगानें लेखापेक्षां कृति पाहिली. भाषा व दिशा एकदमच बदलल्यामुळें लोकांच्या मनांत त्यांची गांठ पडली. आपल्या भाषेंतली मिस्सा म्हणजे समोरासमोरची मिस्सा, असें समीकरण रूढ झालें. वास्तविक या दोहोंचा एकमेकांशीं कांहींएक संबंध नाहीं.

२००० सालीं मिस्साग्रंथाच्या सामान्य सूचना सुधारून निघाल्या, तेव्हां १९६४ चें तें वाक्य कलम २९९ मध्यें आलें व त्यास एक शेपूट जोडलें गेलें. त्याचा आशय, 'जें शक्य तेथें इष्ट आहे', असा. या 'जें' वर पुष्कळ शाई खर्च झाली. लॅटिन भाषेंत हें सर्वनाम नपुंसकलिंगी आहे, आणि 'विधि' या अर्थाचा तेथला शब्द स्त्रीलिंगी आहे. म्हणून तें केवळ त्या शब्दाकडे जाऊं शकत नाहीं, संपूर्ण वाक्यार्थाकडेच जातें. मराठींतही नपुंसकलिंगी 'जें' असेंच सबंध वाक्याचा परामर्श घेतें, तेव्हां आमच्या वाचकांस हें समजण्यास अडचण नाहीं. पण वाक्य कोणतें, वेदी सुटी बांधणें हें मुख्य वाक्य कीं लोकांकडे तोंड करितां येणें हें गौण? २५ सप्टेंबर २००० रोजीं रोमच्या संबंधित खात्यानें उत्तर दिलें कीं, शब्द दोन्हींकडे जातो, परंतु ती सूचना आहे, सक्ति नव्हे. आणि शरीराची दिशा व मनाची दिशा यांत घोटाळा करूं नये. व्याकरणाच्या दृष्टीनें हा निकाल आम्हांस पटतो. न पटणारी गोष्ट ही कीं, या सूचनेच्या आधारावर ठिकठिकाणीं जुन्या कोरीव वेद्या उखडल्या गेल्या. भिंतीपासून सुटी वेदी बांधण्याच्या शिफारशींत जुनी मोडण्याची आज्ञा कोठेंच नव्हती. रंगविलेलें लाकडी मखर एकदां चुलींत गेलें म्हणजे कोणत्याही सर्वनामाच्या अन्वयानें तें परत येत नाहीं.

भारतापुरती आणखी एक गोष्ट. २५ एप्रिल १९६९ रोजीं भारतांतील बिशपांच्या बारा कलमांस रोमची संमति मिळाली. भुईवर मांडी घालून बसणें, पादत्राणें काढणें, अंजलि, पंचांग प्रणाम, तेलाचे दिवे, आरती हें सर्व त्यांत आहे. दिशेचें कलम नाहीं. तरीही या 'भारतीय' मिस्सेंत चौरंगावजा ठेंगणी वेदी मध्यें व धर्मगुरु लोकांच्या समोर अशी बैठक रूढ झाली. आरती आमची, पण बैठक पंगतीची! ज्या देशांत आरतीच्या वेळीं पुजारी व यजमान एकाच बाजूस तोंड करितात, तेथें देशी वळणाच्या नांवानें नेमकी तीच गोष्ट सोडून दिली गेली. ही रीत निषिद्ध आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तीस 'भारतीय' म्हणण्यापूर्वीं गांवच्या देवळांत एकदां डोकावून पाहावें, इतकेंच.

राट्झिंगर यांनीं २००० सालच्या आपल्या ग्रंथांत तोड सुचविली कीं, पूर्वेकडे वळणें शक्य नसेल तेथें वेदीच्या मध्यभागीं क्रूस ठेवावा आणि धर्मगुरु व लोक दोघांनींही त्याकडे पाहावें. तोच अंतरींचा पूर्व. व्यवहारास ही तोड सोयीची आहे यांत संशय नाहीं. पण ऐतिहासिक दृष्टीनें तिनें मूळ गोष्ट बदलते हें नमूद केलें पाहिजे. क्षितिजाची जागा वस्तूनें घेतली, म्हणजे वर सांगितलेल्या तीन प्रकारांपैकीं ती देवळाच्या प्रकाराजवळ आली. लांग यांनीं या फरकाची चर्चा करावयास पाहिजे होती.

आमच्या जिल्ह्यापुरतें पाहतां खरी उणीव आहे ती मापांची. वसईच्या पाडावानंतर, म्हणजे १७३९ नंतर, तेथल्या घंटा मराठ्यांनीं देवळांस वाहिल्या. मुरबाडच्या माथ्यावरील सह्याद्रींत भीमाशंकरास १७२९ साल कोरलेली जी पोर्तुगीज घंटा आहे ती सर्वांनीं पाहिली आहे. घंटा उचलून नेतां आली. मंदिराचा पाया ज्या दिशेस घातला ती दिशा जागच्या जागीं राहिली आहे, आणि आजही मोजतां येते. वसईच्या किल्ल्यांतील, साष्टींतील व ठाण्यांतील प्रत्येक जुन्या ख्रिस्तमंदिराच्या मध्यरेषेचा कोन होकायंत्रानें घ्यावा. या भागांत चुंबकीय उत्तर व खरें उत्तर यांत एक अंशाचेंही अंतर पडत नाहीं, तेव्हां साधें यंत्र पुरेल. आपल्या अक्षांशावर सूर्योदयाचें स्थान खऱ्या पूर्वेच्या दोन्ही बाजूंस सुमारें २५ अंश सरकतें. म्हणून मंदिराची रेषा खऱ्या पूर्वेशीं जुळते, कीं त्याच्या संताच्या सणादिवशींच्या उगवतीशीं, कीं फक्त किल्ल्याच्या रस्त्याशीं, हें तीन निरनिराळ्या रकान्यांत मांडावें. सण पाहतांना १५८२ मधील पंचांगसुधारणेचे दहा दिवस विसरूं नयेत; त्यापूर्वींच्या पायांस जुनी तारीख लावावी लागेल. मुरबाडकडे कोणी नवें मंदिर उगवतीस साधूं पाहील तर त्यानें आणखी एक ध्यानांत ठेवावें : तेथें सूर्य सह्याद्रीच्या भिंतीआडून वर येतो, त्यामुळें तो दिसतो तेव्हां उगवतीच्या बिंदूपासून थोडा दक्षिणेस सरकलेला असतो. मोजणीस आरंभ कोठून करावा असें कोणी विचारील, तर १६०१ च्या दगडाच्या मंदिरापासून करावा. त्याचें साल निश्चित आहे, आणि वसईच्या किल्ल्यांत त्याचा मनोरा अद्यापि उभा आहे.